उन्हातली सात मेंढरं

मायाप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या कॉलनीच्या बागेत नळवाल्याशी हुज्जत घालत होतो. नळ गळतो आहे असं माझं म्हणणं, आणि गळत नाही, नुसता पाझरतो आहे असं त्याचं. गणपती जाऊन आठवडा झाला होता. फोनवर सुनंदा होती, मायाप्पाची मुलगी. "काका, आप्पा गेले... सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, आणि बसल्या बसल्याच..." मी "बरं, येतो" म्हणालो. एखाद्यानं मीटिंगला बोलावल्यावर म्हणावं तसं. तेवढ्यावर न थांबता नळवाल्यालाही सांगितलं, "वॉशर बदल, पाझरणं बंद झालं पाहिजे." माणूस गेल्याची बातमी कानातून आत उतरायला वेळ लागतो, हे या वयात मला ठाऊक असायला हवं होतं. मग मान वळली ती हिरवळीकडे. तिथं सात मेंढरं उभी होती, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, काळसर तांबूस, एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून. गेली पाच वर्षं ती तशीच उभी आहेत. त्यांना घडवणारा गेला होता आणि त्यांना काही कळलेलं नव्हतं... तेव्हा कुठं मला रडू आलं. नळवाल्यानं वॉशर बदलला.

मी मूळचा वाईचा. घाटावर वाढलो आणि नोकरीसाठी सांगलीला आलो, म्हणजे कृष्णेच्याच काठानं थोडा खाली सरकलो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याचे पंप ओतणारा एक कारखाना होता, तिथं मी तपासनीस. माझ्या हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश असे. ओतलेल्या मालात भोक दिसलं, चीर दिसली, माप चुकलं, की त्यावर लाल फुली. फुली पडली की तो नग परत भट्टीत. मला पाठीमागं कारखान्यात काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. मायाप्पा पॅटर्न खात्यात होता. ओतकामात आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती करतात, तिला पॅटर्न म्हणतात. ती काळ्या वाळूत दाबून अलगद काढून घेतली की मागं पोकळी उरते, आणि त्या पोकळीत बिडाचा रस ओततात. पंप तयार होतो, रंगवला जातो, गावोगावच्या विहिरींवर जाऊन बसतो. ज्या लाकडावरून तो झाला ते मात्र स्टोअरच्या मांडणीवर धूळ खात पडतं. पंपावर नाव कंपनीचं. पॅटर्न कुणी केला हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

एकदा मी एका पंपाच्या ओळीनं बावीस नगांवर फुल्या मारल्या आणि 'पॅटर्न सदोष' असा शेरा लिहून मोकळा झालो. दुपारी एक उंच, काटकुळा, भरघोस मिशांचा माणूस काखेत पॅटर्न घेऊन माझ्या टेबलाशी उभा. "सायेब, मोजा." मी मोजला. माप बरोबर होतं. माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजला. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "पॅटर्न खोटं बोलत न्हाई सायेब. वाळू ढिली ठोकलीया कुणीतरी." खाली जाऊन बघितलं तर खरंच वाळू ढिली. मी शेरा खोडला. तो मिशीत हसलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याशेजारी येऊन बसला, माझ्या डब्यातली घेवड्याची उसळ चाखली आणि म्हणाला, "ह्येच्यावर मारा फुली." उसळ मी स्वतः केली होती, बायको माहेरी होती, आणि त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पुढं तीस वर्षं आम्ही शेजारी बसून जेवलो. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला सायेब म्हणायचा. 'सायेब म्हणू नकोस' असं मी त्याला कितीदा तरी सांगितलं, असं आजवर सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे फार वेळा सांगितलं नाही.

मायाप्पा जत तालुक्यातला, धनगराच्या घरातला. लहानपणी दिवाळी झाली की बापाबरोबर मेंढरं हाकत पश्चिमेला निघायचं, कराडकडच्या उसाच्या पट्ट्यात रानोरान मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचं, आणि पावसाच्या आधी माघारी फिरायचं, असं त्याचं वर्ष. पुढं बापानं कळप मोडला आणि मामानं मायाप्पाला कुपवाडला सुतारकामात चिकटवलं. शाळा चौथीपर्यंत. पण त्याच्यासमोर कागदावरचं कुठलंही ड्रॉइंग ठेवलं की तो डोळे बारीक करून बघायचा आणि ती वस्तू आतून पोकळ कुठं आहे ते बोटानं हवेत दाखवायचा. आमच्या इंजिनियरांना ते कळायला दोन चहा लागायचे.

आम्ही दोघं मागंपुढं निवृत्त झालो. तो कुपवाडलाच राहिला, मी तिथून जवळच एका कॉलनीत घर बांधलं. या कॉलनीच्या नकाशात एक मोकळी जागा होती. वीस वर्षं तिथं गाजरगवत आणि लोकांच्या बांधकामाचा राडारोडा सुखानं नांदत होता. अखेर महापालिकेनं तिथं बाग करायचं ठरवलं आणि आम्हाला कळवलं की बागेच्या मधोमध एखादं शिल्प बसवता येईल, ते कोणतं असावं हे रहिवाशांनी सुचवावं. झालं. आमची एक समिती झाली. अध्यक्ष माळीसर, निवृत्त मुख्याध्यापक. माझं अक्षर बरं आणि मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी सेक्रेटरी. ठेकेदारानं एक जाडजूड कॅटलॉग आणून दिला. त्यात फायबरची हरणं होती, उडी मारणारे डॉल्फिन होते आणि तोंडात कचरा टाकायचा एक पेंग्विन होता. सांगलीच्या उन्हात पेंग्विन! तरी त्याला चार मतं पडली. सुभेदार नलवडे, कराडकडचे, लष्करातून निवृत्त झालेले, यांना रायफल घेतलेला जवान हवा होता. कुणीतरी थोर पुरुषाच्या पुतळ्याचं नाव काढलं, तेव्हा कोणता थोर पुरुष हा प्रश्न येणार हे ओळखून माळीसरांनी तो विषय माशी हाकलावी तसा हातानंच हाकलला.

त्याच आठवड्यात मी सहज मायाप्पाकडे गेलो. घरामागं त्यानं पत्र्याची शेड केली होती. तिथं त्याचा रंधा, पटाश्या आणि लाकडाच्या भुश्शाचा वास. नातीला खेळायला म्हणून त्यानं एक मेंढरू कोरलं होतं, वीतभर. मी ते उचलून सवयीनं उलटंपालटं केलं. एक खोट सापडेना. पाठीवरची लोकर, गुडघ्यांची गाठ, कानाचं लोंबणं... हा माणूस तीस वर्षं पंपाचे पॅटर्न करत होता आणि हे सगळं त्याच्या बोटांत पडून होतं. मी म्हणालो, "मायाप्पा, असलं एक मोठं करशील? खऱ्याएवढं? आमच्या बागेत ठेवायला?" तो पटाशीची धार अंगठ्यानं बघत राहिला. मग म्हणाला, "एक न्हाई करायचो. मेंढरू एकटं नसतंय." बोलला एवढंच, पण पुढच्या महिनाभरात त्यानं सात छोटी मेंढरं कोरली आणि एका फळीवर मांडून मला दिली. सगळी गोलात, डोकी आत, एकमेकांच्या पोटाखाली. गोलात एका मेंढराची जागा रिकामी. त्या दिवशी हौसावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला दाराशी गाठून हळूच सांगितलं, "सायेब, ह्ये व्हऊ द्या. जलमभर दुसऱ्याच्या नावाचं केलं त्येंनी. आता जेवताना बी ह्येच बोलत्यात." मी छातीवर हात ठेवून सांगितलं, काळजी करू नका.

फळी पिशवीत घालून मी मीटिंगला गेलो. सगळ्यांनी चष्मे सारखे करून पाहिलं. माळीसर म्हणाले, "छान आहे, पण तोंडं कुठायत?" मागून कुणीतरी म्हणालं की पाहुण्यांना आपण काय मेंढरांची बुडं दाखवायची! हशा पिकला. सुभेदार म्हणाले, "गोल करून उभी आहेत, पण शिस्त नाही." शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की मेंढरं चालतील, पण तोंडं बाहेर करून, मान वर, म्हणजे फोटोत चांगली येतील. आणि मी, दारात छातीवर हात ठेवून आलेला मी, काय बोललो? मी म्हणालो, "सांगतो त्याला. फिरवून देईल." लिहिताना आजही कानशिलं तापतात. एका लाकडी पॅटर्नसाठी जो माणूस माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला होता, त्याच्यासाठी मला खुर्चीतून उठताही आलं नव्हतं.

मी जाऊन त्याला सांगितलं. मला वाटलं चिडेल. तो चिडला नाही. फळीवरून एक मेंढरू उचललं, तोंड बाहेर करून ठेवलं, बघितलं, परत आत केलं. म्हणाला, "रइवारी मोकळं हायसा? गावाकडं जाऊ." रविवारी आम्ही एसटीनं जतकडं निघालो. चैत्र लागला होता. त्याच्या चुलतभावाची मेंढरं गावाबाहेर एका मोकळ्या माळावर होती. बारा वाजले असतील. झाड म्हणून नाही. डोळे उघडवेनात असं ऊन, आणि त्या उन्हात शंभरएक मेंढरं छोटे छोटे पुंजके करून उभी, प्रत्येकाचं डोकं दुसऱ्याच्या पोटाखाली. एकही तोंड दिसत नव्हतं. मायाप्पा म्हणाला, "आंग भाजलं तर चालतंय त्येला, डोस्कं सावलीत पायजे. झाड न्हाई, मग सावली कुणाची? शेजारच्याची. ह्येची त्येला, त्येची ह्येला." एवढं बोलून तो भावाकडं पाणी आणायला वळला आणि मी रुमाल डोक्यावर धरून तसाच उभा राहिलो. तेवढ्यात पुंजक्यात जागा न मिळालेलं एक मेंढरू माझ्याजवळ आलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यानं. माझ्या पायाशी वीतभर सावली पडली होती, तिच्यात त्यानं डोकं घातलं आणि डोळे मिटले. माझ्या पोटरीला त्याचा श्वास लागत होता. मायाप्पानं लांबून ते पाहिलं आणि हात वर करून ओरडला, "आता हलू नगा सायेब!" मी विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, "त्येला गार वाटंपातूर."

मी हललो नाही. पाऊण तास असेन. पाठ घामानं भिजली, पायाला मुंग्या आल्या, डोक्यात एकच गोष्ट घुमत राहिली की आपण काय 'फिरवून देईल' म्हणून आलो! आयुष्यात मला लोकांनी पुष्कळ कामं सांगितली, पण नुसतं उभं राहून कुणाच्या उपयोगी पडल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

पुढच्या मीटिंगला मी मायाप्पालाच घेऊन गेलो. तो पांढरी टोपी मांडीवर ठेवून शेवटच्या खुर्चीत बसला. मी उभा राहिलो आणि माळावर पाहिलं ते सगळं सांगितलं. मला भाषण येत नाही, मेंढराच्या श्वासाचं सांगताना मध्येच अडखळलो. मग सुभेदार नलवडे, ज्यांच्याकडून मला सगळ्यात जास्त भीती होती, ते घसा खाकरून म्हणाले, "आमच्या रानात बसायची यांची मेंढरं. मी लहान होतो. दुपारी अशीच उभी राहायची. आई म्हणायची, बघा रं, कशी एकमेकाला धरून हायती..." आणि मग एकदम लष्करी आवाजात, "जवानाचं पुढच्या बागेत बघू. ही अशीच ठेवा." माळीसरांचं मात्र अजून अडलं होतं. ते मायाप्पाकडं वळून म्हणाले, "आवं, सगळं खरं, पण तोंडंच नाहीत की मेंढरांना!" मायाप्पा उठून उभा राहिला. "हायती सर. वाकाय लागतंय." माळीसर, सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यावर हात ठेवून टेबलावरच्या फळीशी वाकले. आणि आतली तोंडं दिसल्यावर, खरंच सांगतो, लहान मुलासारखे हसले. सातही मेंढरांना नाक, डोळे, मिटलेल्या पापण्या, सगळं होतं. सुभेदारांनी विचारलं, "आणि ही जागा रिकामी का? एक राहिलं काय करायचं?" मायाप्पा म्हणाला, "येनाऱ्याला जागा ठिवाय नगं?" ठराव तिथंच झाला.

मग चार महिने मायाप्पाला जेवायची शुद्ध नव्हती. आमच्या जुन्या मालकांच्या मुलानं कारखान्यातच रस ओतून द्यायचं कबूल केलं. निवृत्त झालेले दोन वाळूकाम करणारे गडी आपणहून आले. यावेळी वाळू ढिली ठोकायची कुणाची छाती नव्हती. माल तयार झाला तेव्हा दुसरीच अडचण उभी राहिली. गेटपासच्या छापील फॉर्मवर मेंढराला रकानाच नव्हता आणि रकान्यात न बसणारी वस्तू बाहेर सोडायला रखवालदार तयार होईना. सरतेशेवटी 'पंप बॉडी, सात नग' असं लिहून कळप गेटबाहेर पडला. त्याआधी मायाप्पानं माझ्यापुढं लाल रंगाचा डबा धरला. "सायेब, तपासा." मी प्रत्येक मेंढराभोवती फिरलो, पोटाखाली हात घातला, पापण्यांवरून बोट फिरवलं. डबा न उघडता परत दिला. त्यानं तो मांडणीवर ठेवला, पण तोंड फिरवून नाक पुसल्याचं मला दिसलं.

उद्घाटनाच्या दिवशी मी सकाळी लवकर बागेत गेलो आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडं जे जे जागचं हलत नाही त्याला गेरू आणि चुना फासतात. झाडांचे बुंधे, रस्त्याकडेचे दगड, सगळे लाल-पांढरे. ठेकेदाराची माणसं झाडं रंगवत रंगवत मेंढरांपाशी पोचली होती आणि थांबायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सातही मेंढरांच्या पाठीवर गेरूचा हा एवढाला पट्टा आणि पायांना चुना. सात नग, सातांवर लाल खूण! ज्यानं जन्मभर लाल रंगानं माल बाद केला त्याला ते कसं दिसलं असेल सांगा. मी ओरडलो, चिंध्या आणा, रॉकेल आणा, त्या माणसांना नाही नाही ते बोललो. एवढ्यात फाटकातून मायाप्पा आणि हौसावहिनी येताना दिसले. त्यानं नवं धोतर नेसलेलं, डोक्याला पटका. मला वाटलं, आता या माणसाला काय सांगू...

तो आला, कळपाभोवती एक फेरी मारली. एका पाठीवर बोट टेकवून गेरू वाळला का बघितलं. आणि मोठ्यानं हसला. मी त्याला इतकं मोकळं हसताना तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. "आवं सायेब, पुसताय काय! कळपाला खूण करत्यातच की. आमचा बा असाच पट्टा वडायचा पाडव्याला. ज्येची खूण त्येचं मेंढरू. बिनखुणंचं मेंढरू कुणाचंच नसतंय बगा." मग रंगारी लोकांकडं वळून म्हणाला, "लय बेस केलंसा गड्यांनो. आता ही ह्या बागंची झाली." माझ्या हातात चिंधी तशीच राहिली. माझी लाल खूण म्हणजे हे आमचं नाही, आणि त्याची लाल खूण म्हणजे हे आमचं. इतकी वर्षं शेजारी बसून जेवताना हे कधी बोलण्यात आलं नव्हतं. माझी चिंधी त्यानं काढून घेतली आणि म्हणाला, "पायाचा चुना तेवढा काढू. मेंढराला मोजं कशाला?" पाहुणे आले तेव्हा आम्ही दोघं पायमोजे काढत खाली बसलो होतो.

तेव्हापासून रिवाजच पडला. दिवाळीच्या पाडव्याला मायाप्पा पत्र्याच्या डब्यात गेरू कालवून कुपवाडहून यायचा आणि कॉलनीतल्या पोरांना घेऊन सातही पाठींवर पट्टा ओढायचा. पोरांची तोंडंही लाल व्हायची. आया ओरडायच्या, तो हसायचा. वाईला घाटावरच्या देवळात दगडी नंदी आहे, त्याची पाठ हात लागून लागून गुळगुळीत झालेली मी लहानपणापासून पाहतो आहे. तो कुणी घडवला हे कुणाला सांगता येत नाही. आमच्या मेंढरांच्या पाठी पाच वर्षांतच तशा व्हायला लागल्या आहेत. बाकी अंग गंजून तांबूस झालंय, पाठ मात्र पोरांच्या चड्ड्यांनी चकचकीत. मायाप्पाचं नाव मात्र आहे. कोनशिलेवर, पाहुण्यांच्या रांगेत सगळ्यात खाली, पण आहे. हौसावहिनींनी पहिल्या दिवशी त्यावरून बोट फिरवलं होतं, आणि त्यांना वाचता येत नसल्यानं सुनंदानं अक्षर अक्षर करून सांगितलं होतं.

शेवटची भेट त्या मेंढरांपाशीच झाली, तो जायच्या आधी चारेक दिवस. थकला होता, जिना चढताना धाप लागते म्हणत होता. तरी त्यानं प्रत्येक मेंढरावर बोटाच्या पेराचा ठोका मारला आणि कान देऊन ऐकलं. बिडाला आत चीर असेल तर आवाज बद्द येतो, चांगलं असेल तर खणखणतं. सातही खणखणली. "आपल्यापरास चांगली वाजत्यात," असं म्हणून त्यानं स्वतःच्या बरगडीवर टिचकी मारली. आम्ही दोघंही हसलो. मी तेव्हा त्याला डॉक्टरकडं ओढत न्यायला हवं होतं का... हा प्रश्न मी सुनंदाला विचारला, वहिनींना विचारला. दोघीही नाही म्हणाल्या. मी अजून स्वतःला विचारतो.

यंदाच्या पाडव्याला मी स्वतःच गेरू विकत आणून ठेवला होता. त्यांच्या घरी वर्षभर सण नाही, तेव्हा कुणी येणार नाही हे धरूनच चाललो होतो. कालवायला पाणी किती घालायचं हे मला ठाऊक नव्हतं आणि पोरं फाटकापाशी जमून आप्पा कधी येणार म्हणून विचारत होती. अकराच्या सुमाराला रिक्षा थांबली. सुनंदा उतरली, मागून हौसावहिनी. वहिनींच्या हातात तोच पत्र्याचा डबा. पाडवा म्हणजे बायकांनी नवऱ्याला ओवाळायचा दिवस. मी विचारलं, "वहिनी, यंदा तुमच्यात सण नाही ना?" त्या म्हणाल्या, "आमास्नी न्हाई. मेंढरास्नी हाय की." आणि पोरांना म्हणाल्या, "या रं, बोटं बुडवा."

सहा मेंढरांच्या पट्ट्यांवर पोरांची बोटं उठली. सातवं वहिनींनी कुणाला दिलं नाही. डब्याच्या तळाला उरलेला गेरू तळहातावर घेतला आणि मानेपासून शेपटापर्यंत एकच पट्टा ओढला, सावकाश, मायाप्पा ओढायचा तसा. पोरं हात धुवायला नळाकडं पळाली. तो नळ आता पाझरत नाही. वहिनी तिथंच, गोलातल्या त्या रिकाम्या जागेत, जमिनीवर बसल्या. दिवाळीचं असलं तरी आमच्याकडचं ऊन ते, वर आलं की डोक्यात शिरतं. बागेतली झाडं सगळी कडेनं, त्यांची सावली मेंढरांपर्यंत पोचत नाही. मी त्यांच्यामागं जाऊन उभा राहिलो, सूर्याकडं पाठ करून.

"सायेब, बसा की," त्या म्हणाल्या. "उनात कशाला हुबं ऱ्हाताय?"

"नको वहिनी," मी म्हणालो. "मी हलत नाही."

त्यांनी एकदा वळून माझ्याकडं बघितलं, मग समोर जमिनीवर पडलेली माझी सावली बघितली. ती गोष्ट मायाप्पानं त्यांना सांगितली असणारच. त्या किंचित हसल्या, आणि सातव्या मेंढराच्या अंगाला टेकून, त्या सावलीत डोकं घालून डोळे मिटून बसल्या.